पुण्यश्लोक अहिल्यादेवी आणि चांदवडचा रंगमहाल

आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार श्रीकृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने पुरा झाला. कळस चढला, सभामंडपाची फरसबंदी झाली, दीपमाळेला नवा चुना लागला. या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे अशी जीर्णोद्धार समितीची आज्ञा झाली, तेव्हा दुसरे नाव मनात आलेच नाही. जीर्णोद्धार म्हटले की काशीपासून रामेश्वरापर्यंत ज्यांचे नाव आपोआप ओठांवर येते, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. शिवाय त्या आपल्याला परक्या नाहीत. आपल्या पंचक्रोशीतून चांदवडच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाने होळकरांचा रंगमहाल निदान बाहेरून तरी पाहिलेला आहे.

देवींनी बांधलेली देवळे, घाट, धर्मशाळा यांच्या याद्या शाळेच्या पुस्तकांपासून कीर्तनापर्यंत सगळीकडे ऐकावयास मिळतात. त्या येथे पुन्हा देऊन मी वाचकांचा वेळ घेणार नाही. मला त्यांच्या चरित्रातली एकच बाजू सांगावयाची आहे. वास्तू बांधणारे राजेरजवाडे पुष्कळ झाले. पण बांधलेल्या वास्तूच्या पोटापाण्याची सोय लावून देणारे आणि तिचे दार आल्यागेल्याला उघडे ठेवणारे फार थोडे. देवी त्या थोड्यांपैकी होत्या.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. गाव जामखेड तालुक्यातले. जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखला जाई. २०२४ सालापासून तो देवींच्याच नावाने अहिल्यानगर झाला आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. धनगर समाजातले हे घर काही फार श्रीमंत नव्हते, पण वडिलांनी मुलीला लिहावाचावयास शिकविले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. सुभेदार मल्हारराव होळकर यांनी चौंडीच्या देवळात या मुलीला पाहिले आणि तिचे वागणे पाहून आपल्या मुलासाठी मागणी घातली, अशी कथा परंपरेने सांगतात. १७३३ साली खंडेरावांशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते.

मल्हारराव मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे ते खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्या घरी वाढले. तापीकाठ, सातपुडा आणि चांदवडचा घाट हा मुलूख त्यांच्या पायाखालचा. पुढे ते माळव्याचे सुभेदार झाले तरी पुण्याहून माळव्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे चांदवड त्यांनी हातचे सोडले नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर करून दिली. तिला खासगी म्हणत. दौलतीचा पैसा फौजेचा, सरकारी कामाचा. खासगीचा पैसा बाईंचा स्वतःचा. त्याला पुरुष मंडळींनी हात लावावयाचा नाही. माळव्यातील आणि दक्षिणेतील काही गावे मिळून तिचे सालीना उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये होते. गौतमाबाई १७६१ साली निवर्तल्या आणि ही खासगी सुनेकडे आली. अहिल्यादेवींनी सबंध हिंदुस्थानभर जो धर्मादाय केला, त्याची भिस्त मुख्यतः या खासगीवर होती. घरातली बाई आपल्या पदरच्या पैशातून दान करते तसाच हा प्रकार, फक्त पदर फार मोठा होता.

खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात गोळा लागून पडले. देवी तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जावयास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना गळ घालून मागे फिरविले. त्यानंतर सासऱ्यांनी त्यांना माजघरात बसू दिले नाही. तोफखाना, दारूगोळा, दाणावैरण, वसुली अशी कामे ते त्यांच्यावर सोपवीत, हे त्या काळच्या पत्रांवरून दिसते. म्हणजे १७६६ साली आलमपूर येथे मल्हारराव गेले आणि दुसऱ्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला, तेव्हा राज्य हाकणे देवींना नवे नव्हते.

पण बाईमाणसाच्या हाती दौलत कशी द्यावी असे म्हणणारे निघालेच. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा पेशवे फौज घेऊन माळव्यावर चालून गेले. देवींनी लढाईची तयारी केली आणि दुसऱ्या अंगाने दादांना कळविले की, बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखविण्यास जागा नाही. थोरल्या माधवरावांनीही देवींचीच बाजू उचलून धरली. दादांना परत फिरावे लागले.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. याच राघोबादादांनी नाशिकजवळ गोदावरीच्या काठी वाडा बांधला होता आणि त्या गावाला आपल्या पत्नीवरून आनंदवल्ली हे नाव दिले होते. त्या वाड्याचे आज जवळजवळ काहीच उरलेले नाही. तेथले नवश्या गणपतीचे देऊळ मात्र नांदते आहे. वाड्याला वारसदार लागतो आणि देवळाला गाव लागते, एवढाच काय तो फरक.

१७६७ पासून १७९५ पर्यंत, सुमारे २८ वर्षे, देवींनी राज्यकारभार पाहिला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे दिले आणि आपण नर्मदाकाठी महेश्वरला राहिल्या. महेश्वरचा त्यांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना माझे म्हणणे पटेल. लाकडी खांब, साधी ओसरी, एका बाजूला गादी आणि शेजारी देवघर. आपल्याकडच्या एखाद्या सधन पाटलाच्या वाड्याहून त्यात फारसे काही अधिक नाही. नदीवरचे घाट मात्र असे बांधले की डोळ्यांत मावत नाहीत. घाट लोकांसाठी होते आणि वाडा आपल्यासाठी, हा हिशेब त्यांच्या मनाशी पक्का असावा.

माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी देवींच्या पश्चात माळव्यात आला. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून त्याने १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांची दिनचर्या दिली आहे. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण. दुपारी दोनच्या सुमारास दरबार आणि तो संध्याकाळी सहापर्यंत. रात्री पुन्हा नऊ ते अकरा काम. दरबारात पडदा नसे आणि कोणाही रयतेला आपले गाऱ्हाणे स्वतः सांगता येई. उन्हाळ्यात रस्त्यांवर वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी माणसे ठेवलेली असत. औत धरणाऱ्याचे बैल मध्येच थांबवून त्यांनाही पाणी दाखवीत. शेतकरी पाखरांना हाकलतात, मग पाखरांनी खावे काय, म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडीत. हे लिहिणारा जित पक्षाचा नव्हे, जेत्या पक्षाचा माणूस होता, हे लक्षात घ्यावे.

आता आपल्या चांदवडकडे वळू. मुंबई–आग्रा रस्त्याने नाशिकहून निघाले की साधारण ६५ किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत हे गाव लागते. पुढे राहूडचा घाट. दक्षिणेतून खानदेशात आणि तेथून माळव्यात जाणाऱ्या फौजा, व्यापारी, तांडे आणि काशीयात्रेकरू यांची ही जुनी वाट. अशा नाक्यावर होळकरांनी वाडा उभारला, तो रंगमहाल. खाली घडीव दगडाचे जोते आणि उंच भिंती, आत चौक, नक्षीकाम केलेले लाकडी खांब, भिंतींवर रंगीत चित्रे. चित्रांमुळेच रंगमहाल हे नाव पडले असावे असे पाहणाऱ्यास वाटते. लहानपणी आम्ही शाळेच्या मुलांबरोबर तेथे गेलो होतो. मास्तर इतिहास सांगत होते आणि आमचे सगळ्यांचे डोळे वर, तुळयांवरच्या नक्षीकडे. एका खांबावर कोणी तरी खिळ्याने आपले नाव कोरले होते. मास्तरांनी ते पाहिले आणि बोलता बोलता गप्प झाले. तो इतिहासाचा धडा मी विसरलो, ते गप्प होणे विसरलो नाही.

रंगमहाल हा नुसता राहण्याचा वाडा नव्हता. चांदवडच्या रेणुकामातेचा आणि होळकरांचा संबंध पिढ्यान् पिढ्यांचा. नवरात्रात देवीचे अलंकार रंगमहालातून पालखीने वाजतगाजत मंदिराकडे जाण्याची प्रथा आहे. राजवाड्याचे दार पालखीसाठी उघडले की ते गावासाठीही उघडते. चांदवडच्या परिसरात होळकरांच्या काळातल्या दगडी बारवा आहेत. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते अशी विहीर. ज्याच्याजवळ दोर नाही, पोहरा नाही, अशा परक्या वाटसरूलाही तिचे पाणी ओंजळीने घेता येते. आडाला मालक असतो, पण बारवेवर आलेला प्रत्येक जण पाहुणा.

देवींच्या कामाची रीत येथेच दिसते. काशीला विश्वनाथाचे मंदिर १७८० साली उभे राहिले, सोमनाथला १७८३ साली नवे देऊळ झाले, गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली पुरे झाले. आपल्या शेजारी वेरूळला घृष्णेश्वर आहेच. यांतली पुष्कळशी स्थळे होळकरांच्या राज्यात नव्हती. तेथे त्यांचा हुकूम चालत नव्हता, वसूल येत नव्हता. तरी तेथे पैसा जाई, आणि तो एकदाच जाऊन थांबत नसे. पूजेचा, नंदादीपाचा, अन्नछत्राचा, झाडलोटीचा, डागडुजीचा खर्च सालोसाल खासगीतून बांधून दिलेला असे. दक्षिणेतल्या देवळांना अभिषेकासाठी गंगेचे पाणी कावडीने जाई, त्या कावडवाल्यांचाही खर्च त्यात धरलेला असे. शे-सव्वाशे कोसांवरच्या देवळात संध्याकाळी दिवा लागतो की नाही, याची काळजी महेश्वरच्या ओसरीवर बसून वाहिलेली होती. मोठेपण म्हणायचे ते याला.

इतके करून त्यांच्या स्वतःच्या पदरात काय पडले? नातू नथ्याबा ऐन तारुण्यात गेला. जावई यशवंतराव फणसे १७९१ साली वारले आणि लेक मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. ज्या बाईला सासऱ्याने चितेवरून परत आणले, तिला आपल्या मुलीला परत आणता आले नाही. त्यानंतरही चार वर्षे त्या कारभार पाहत होत्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे त्यांच्या वास्तूंचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला, त्यात आपला भागही गेला. चांदवड होळकरांचे राहिले नाही. राज्य गेले की वाड्याची वर्दळ जाते, आणि वर्दळ गेली की वाडा वरून पडू लागतो. एक कौल सरकते, पाणी तुळईवर ठिबकते, तुळई कुजते, वाळवी चढते, आणि तीस-चाळीस वर्षांनी लोक म्हणतात की भिंत अचानक कोसळली. आपल्या नाशिक जिल्ह्यातले किती तरी वाडे असे गेले. रंगमहालही झिजला, पण टिकला. त्याच्या जतनाचे काम पुढे शासनाच्या पुरातत्त्व खात्याने हाती घेतले.

महेश्वरचे नशीब बरे. देवींची गादी आणि देवघर पाहण्यास आजही लोकांची रीघ असते. त्यांनी वसविलेल्या विणकरांचा धंदा बसत चालला होता, तेव्हा होळकर घराण्यातील मंडळींनी १९७९ साली रेहवा नावाची संस्था काढून हातमाग पुन्हा सुरू करविले. किल्ल्यातल्या वाड्याच्या एका भागात पाहुण्यांसाठी राहण्याची सोय केली आहे. कोणाला वाटेल, राजवाड्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवणे हे काही बरे नव्हे. मलाही आधी तसेच वाटले होते. पण कौले शाकारण्याला पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावा लागतो. बंद खोलीपेक्षा भाड्याची खोली बरी, तिला रोज केरसुणी तरी लागते.

खासगीची कथा मात्र कोर्टात गेली. १९४८ साली होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. तेव्हा देशभरातल्या २४६ धर्मादाय मालमत्ता खासगीच्या नावावर होत्या. त्यांच्या देखभालीसाठी १९६२ साली न्यास स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उत्पन्न झाला, तो मध्य प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदवावा आणि झालेल्या व्यवहारांची तपासणी निबंधकाने करावी. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हे ठरविणारा मी नव्हे. पण घाट बांधून सव्वादोनशे वर्षे झाल्यावरही तो कोणाचा, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर कागद नीट ठेवलेले असतील तरच सापडते, एवढे आपल्या विश्वस्त मंडळींनी ध्यानात घ्यावे.

नाशिकला गोदावरीवरच्या जुन्या व्हिक्टोरिया पुलाला आता अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. चौंडीचे त्यांचे जन्मस्थान जतन केलेले आहे आणि २०२५ च्या मे महिन्यात, त्यांच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाची बैठक तेथे भरली होती. सन्मान उदंड झाले. आता आपल्या घरचे थोडे सांगतो.

जीर्णोद्धाराचे काम चालू असता दोन प्रश्नांवर समितीत बरीच खडाजंगी झाली, हे गावाला ठाऊक आहेच. पहिला प्रश्न भिंतींचा. गाभाऱ्याच्या जुन्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट द्यावा, म्हणजे देऊळ चकचकीत दिसेल, असे काही दात्यांचे म्हणणे होते. त्यांची भावना शुद्धच होती. पण चुन्यात बांधलेली भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. वरून सिमेंट बसले की ओल आतल्या आत कोंडते आणि दगड पापुद्रे टाकू लागतो. म्हणून दरजा चुन्यानेच भरल्या. खर्च अधिक झाला, दिवसही अधिक लागले. देऊळ फोटोत फिके दिसते अशी तक्रार आहे, ती मान्य आहे.

दुसरा प्रश्न देवळामागच्या बारवेचा. गेली कित्येक वर्षे तिच्यात निर्माल्य, प्लॅस्टिक आणि पाडलेल्या भिंतींचा राडारोडा पडत होता. ती बुजवून सपाट करावी, म्हणजे यात्रेच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांना जागा होईल, अशी सूचना आली. हात वर करून मते घेतली तर ती सूचना पास झाली असती, असे मला आजही वाटते. त्या रात्री सभेत एक म्हातारी बाई उठल्या. त्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले की लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा पहिली घागर याच बारवेवर भरली होती, आणि परगावच्या वऱ्हाडालाही येथूनच पाणी जाई. एवढे सांगून त्या खाली बसल्या. सूचना मतास टाकलीच गेली नाही.

देणगीदारांच्या यादीत कळसासाठी, फरशीसाठी, घंटेसाठी नावे पुष्कळ आहेत. नंदादीपाच्या तेलासाठी, गुरवाच्या मानधनासाठी आणि बारवेच्या सफाईसाठी जो कायम निधी काढला आहे त्यापुढे ही स्मरणिका छापावयास जाईपर्यंत अकरा नावे आली आहेत. मुद्दल बँकेत ठेवून फक्त व्याज खर्चावयाचे, असा ठराव आहे. त्याचा आणि देवळाच्या सातबाऱ्याचा कागद देवळाच्या पेटीत आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी गुरवांकडे विचारावे.

बारवेचा गाळ काढण्याचे श्रमदान दर रविवारी सकाळी चालू आहे. एकोणीस पायऱ्या मोकळ्या झाल्या, आणि विसावीच्या दगडाखाली ओल लागली आहे.